विटकरी की मोरपिशी: एका खोलीसाठी दोन विरुद्ध रंग पारखताना

घराला रंग द्यायचे ठरले की दुकानातून आणलेले शेड कार्ड घरभर फिरते, प्रत्येक जण एकेका चौकोनावर बोट ठेवतो आणि बऱ्याच चर्चेनंतर हाती असे दोन रंग उरतात, जे एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकाचे असतात. एकाला विटकरी हवा असतो, दुसऱ्याला मोरपिशी. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेल्यांच्या भाषेत सांगायचे तर एक उष्ण रंग आणि एक शीत. अशा वेळी बहुतेक घरांत निकाल आवाजाच्या जोरावर लागतो, किंवा मग वाद नको म्हणून कोणालाच न आवडलेला बदामी रंग भिंतीवर चढतो. वास्तविक या दोघांत सुंदर कोणता, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या भिंतीवर, किती जागेत आणि कोणत्या उजेडात, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर मिळत नाही. ते उत्तर कसे मिळवायचे, हे प्रथमच रंगकाम करून घेणाऱ्यांसाठी येथे क्रमाने सांगितले आहे.

उदाहरणादाखल एक खोली डोळ्यांपुढे ठेवू. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी आढळेल अशी ही बैठकीची खोली आहे: पूर्व-पश्चिम १२ फूट, दक्षिणोत्तर १० फूट, उंची १० फूट. पूर्वेला दार आहे, पश्चिमेला खिडकी आहे, खाली शहाबादी फरशी आहे आणि उत्तर व दक्षिण बाजूंच्या लांब भिंती अखंड आहेत. एका भिंतीला गडद रंग आणि उरलेल्या तिन्हींना मोतिया, असा बेत ठरला आहे. गडद रंग विटकरी असावा की मोरपिशी, एवढेच ठरायचे आहे.

पहिली पायरी: खोलीतला उजेड ओळखणे

सकाळी, भर दुपारी, सूर्य मावळण्यापूर्वी आणि दिवे लागल्यावर अशा चार वेळी खोलीत जाऊन कोणत्या भिंतीवर ऊन पडते आणि कोणती भिंत दिवसभर सावलीत राहते, हे वहीत लिहून ठेवावे. दिशांचे ठरावीक नियम येथे जपून वापरावेत. उत्तरेच्या खिडकीत ऊन कधीच येत नाही, हे विधान उत्तरेकडच्या थंड देशांत भर दुपारपुरते खरे असेल; मराठवाडा मात्र साधारण १८ ते २० उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरपे ऊन आत येते. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर चढतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतले ऊन थेट खोलीच्या मध्यापर्यंत पोचते.

आपल्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, त्यामुळे तिथला हिशेब वेगळा लागतो. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे मावळतो, म्हणून संध्याकाळचे ऊन दक्षिणेच्या भिंतीकडे झुकते. डिसेंबरात तो पश्चिमेच्या दक्षिणेकडे मावळतो आणि तेच ऊन उत्तरेच्या भिंतीवर येते. याचा अर्थ दक्षिणेच्या भिंतीवरचा रंग उन्हाळ्याच्या संध्याकाळी वेगळा दिसेल आणि उत्तरेच्या भिंतीवरचा हिवाळ्याच्या संध्याकाळी. हे आधी माहीत असले की पुढे आश्चर्य वाटत नाही.

खिडकीतून येणारा उजेड थेट आकाशातलाच असतो असे नाही. दारापुढे लिंबाचे झाड असेल, अंगणावर हिरवी शेडनेट ताणलेली असेल किंवा शेजाऱ्याची भिंत भगव्या-पिवळ्या रंगाची असेल, तर त्या रंगाची छटा घेऊनच उजेड आत येतो. फरशीही उजेड वर फेकते. शहाबादीचा उजेड करडा, तर पांढरट टाईलचा पिवळसर. मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी लागते आणि ती म्हणजे कूलर. मार्चमध्ये खिडकीत बसलेला कूलर पाऊस सुरू होईपर्यंत हलत नाही, आणि त्याच्या पत्र्याने व गवताच्या ताट्यांनी खिडकीचा निम्म्याहून अधिक भाग झाकला जातो. म्हणजे वर्षातले तीन-चार महिने खोलीत उजेड निम्माच असतो. दिवाळीनंतर कूलर माळ्यावर गेलेला असताना निवडलेला गडद रंग एप्रिलमध्ये खोली काळवंडवतो, याचे कारण बहुधा हेच असते. रंग पारखताना एखाद्या दिवशी खिडकीच्या खालच्या भागावर जाड चादर टाकून पाहावी.

दुसरी पायरी: कार्डावरची झाक आणि आकडे

विटकरी आणि मोरपिशी ही कुटुंबांची नावे आहेत. प्रत्येकात कंपनीच्या कार्डावर डझनभर छटा असतात. एका विटकरीत गुलाबी झाक असते, दुसऱ्यात केशरी, तिसऱ्यात तपकिरी. मोरपिशीतही काही छटा निळ्याकडे झुकतात, काही हिरव्याकडे. ही झाक नुसत्या नजरेला लवकर दिसत नाही. कोऱ्या पांढऱ्या कागदाला कार्डावरच्या चौकोनापेक्षा लहान चौकोनी भोक पाडून ते त्या रंगावर ठेवले की आजूबाजूचे रंग झाकले जातात आणि झाक उघडी पडते. फिक्या रंगाची झाक ओळखायची असेल तर त्याच पट्टीवरचा सर्वांत गडद रंग पाहावा, कारण तिथे ती लपून राहत नाही. मोतियाच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे: मोतिया म्हणून घेतलेल्या रंगात हिरवट झाक असेल, तर विटकरीशेजारी तो आजारी दिसतो.

काही कंपन्या प्रत्येक छटेपुढे परावर्तनाचा आकडा देतात, ज्याला दुकानात एलआरव्ही म्हणतात. शून्य म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा आणि १०० म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. चांगला मोतिया साधारण ७५ ते ८०च्या आसपास असतो. गडद विटकरी आणि गडद मोरपिशी दोन्ही १० ते २०च्या घरात येतात. हा आकडा मिळाला तर जरूर लिहून घ्यावा, कारण दोन गडद रंगांत अधिक काळोख कोण करणार, याचे उत्तर नजरेपेक्षा तोच प्रामाणिकपणे देतो.

मोबाइलवर पाहून रंग ठरवू नये. मोबाइलचा कॅमेरा उजेडाप्रमाणे पांढऱ्याची व्याख्या आपोआप बदलतो आणि प्रत्येक स्क्रीन तीच छटा वेगळी दाखवते. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या नातेवाइकाला फोटो पाठवून मत मागवण्यात तर काहीच अर्थ नाही.

तिसरी पायरी: नमुन्याच्या फळ्या

या पायरीत घाई केली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात. कार्डावरचा चौकोन दीड-दोन इंचांचा असतो, पांढऱ्या कागदावर छापलेला असतो आणि त्या पांढऱ्यामुळे तो प्रत्यक्षापेक्षा गडद भासतो. तोच रंग १२० चौरस फुटांवर चढला की अधिक उजळ आणि अधिक भडक वाटतो. म्हणून मोठा नमुना अपरिहार्य आहे.

नमुना थेट भिंतीवर मारण्याची पद्धत आहे, पण ती मला पसंत नाही. भिंतीवर आधीचा पिस्ता रंग असेल तर नव्या ठिगळाभोवती तोच पिस्ता राहतो आणि नवा रंग त्याच्या संगतीत बदलतो. ठिगळाच्या कडा नंतर पॉलिश पेपरने नीट घासल्या नाहीत तर शेवटच्या रंगातूनही उमटतात. शिवाय भिंतीवर दोन ठिगळे दिसली की येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा आपले मत देऊन जातो. त्यापेक्षा हार्डबोर्डाचे किंवा पातळ प्लायवूडचे दोन बाय तीन फुटांचे दोन तुकडे आणावेत. त्यांवर पांढऱ्या प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, एक हात मारावा, कारण कच्चे लाकूड रंग शोषून घेते आणि छटा मलूल होते. चारही कडांना दोन-दोन इंचांची मास्किंग टेप लावावी, मधल्या जागेत लहान रोलरने रंगाचे दोन हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. रोलरच वापरावा, कारण भिंतीवर शेवटी रोलरच फिरणार आहे आणि ब्रशच्या रेषांमुळे तोच रंग निराळा दिसतो. वाळल्यावर टेप काढली की रंगाभोवती पांढरी चौकट राहते. फळी कोणत्याही भिंतीला टेकवली तरी मागच्या रंगाचा परिणाम तिच्यामुळे बराच कमी होतो. फळीच्या पाठीवर कंपनी, रंगाचा प्रकार, शेडचा क्रमांक आणि फिनिश (चकाकी किती ते) पेन्सिलीने लिहावे. हे लिहायचे राहिले तर आठ दिवसांनी दोन जवळजवळ सारख्या विटकरी फळ्या हातात असतात आणि कोणती कोणाची हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, ओले असताना फिकट दिसते, कारण त्यातला चिकट द्रव ओला असताना दुधाळ असतो. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि रंग किंचित गडद होतो. चुन्याच्या सफेदीचे बरोबर उलटे आहे, ती वाळता वाळता पांढरी होत जाते. म्हणून फळी एक रात्र वाळू दिल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवू नये. नमुना ज्या प्रकारचा रंग भिंतीला लागणार आहे त्याच प्रकारचा हवा. डिस्टेंपरचा (साध्या, चकाकी नसलेल्या रंगाचा) नमुना पाहून चकाकी असलेले इमल्शन लावले तर क्रमांक एक असूनही रंग वेगळा दिसेल. नमुन्याची लहान डबी काही दुकानांत मिळते. न मिळाल्यास एक लिटरचा डबा घ्यावा. निवडलेल्या रंगाचा तो पुढे कामास येतोच आणि न निवडलेल्याचा कोनाड्याला किंवा कपाटाच्या आतल्या बाजूला वापरता येतो.

चौथी पायरी: आधी एकेक फळी, मग दोन्ही

पहिले दोन दिवस एकाच रंगाची फळी खोलीत ठेवावी आणि दुसरी माजघरात उलटी करून ठेवावी. दोन विरुद्ध रंग शेजारी ठेवले की ते एकमेकांना अधिक तीव्र करतात: मोरपिशीशेजारी विटकरी अधिक तांबडा दिसतो आणि विटकरीशेजारी मोरपिशी अधिक निळा-हिरवा. पॅरिसमधील गोबलँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्याकडे काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार आली होती. तपासाअंती धाग्याच्या रंगात दोष नव्हता, शेजारच्या धाग्यांच्या रंगांमुळे काळा तसा दिसत होता. १८३९ साली त्यांनी हा नियम सविस्तर मांडला. आपल्या खोलीत दोहोंपैकी एकच गडद रंग येणार असेल, तर त्या दोघांना शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे प्रत्यक्षात कधीच न दिसणारे दृश्य पाहून निर्णय घेणे होय. त्याची खरी संगत मोतियाशी, फरशीशी आणि दिवाणावरच्या चादरीशी आहे, म्हणून फळीजवळ तीच ठेवावीत.

फळी जमिनीवर आडवी ठेवून पाहू नये. ती ज्या भिंतीसाठी आहे त्याच भिंतीला, डोळ्यांच्या उंचीवर, उभी धरावी. आडव्या पृष्ठभागावर वरून उजेड पडतो आणि रंग उजळ भासतो. सकाळच्या निवळ उजेडात दोन्ही रंग आपापल्या मूळ रूपाच्या जवळ असतात. पश्चिमेचे ऊन आत आले की चित्र पालटते: संध्याकाळच्या नारिंगी उजेडात निळा अंश फारच कमी असल्याने मोरपिशीजवळ परत फेकण्यासारखे काही उरत नाही आणि तो राखाडी-हिरवट होतो, तर विटकरी पेटल्यासारखा दिसतो. ज्यांना मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता पेटलेली भिंत नको असेल, त्यांनी याच वेळी फळीसमोर बसून पाहावे.

दिवे लागल्यावर पारडे पुन्हा फिरते. आपल्याकडे अजूनही बहुतेक घरांत ६५०० केल्व्हिनची पांढरीशुभ्र ट्यूब असते (केल्व्हिनचा आकडा दिव्याच्या खोक्यावर असतो; तो जितका मोठा तितका उजेड निळसर, जितका लहान तितका पिवळसर). तिच्या उजेडात निळा अंश भरपूर असल्याने मोरपिशी टवटवीत राहतो आणि विटकरी मात्र मातकट तपकिरी होतो. २७०० ते ३००० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्यात नेमके उलटे घडते. यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा की रंग आवडला, पण रात्री निस्तेज दिसतो असे वाटले, तर आधी दिवा बदलून पाहावा. भिंत बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे. ४००० केल्व्हिनचा दिवा दोन्ही रंगांना बऱ्यापैकी न्याय देतो.

वीज गेल्यावरचा अंधूक उजेडही पाहून घ्यावा. उजेड अगदी कमी झाला की डोळ्यांची तांबड्या रंगाबाबतची संवेदना आधी मंदावते आणि निळा-हिरवा त्यामानाने उजळ भासतो, म्हणून तिन्हीसांजेला विटकरी भिंत काळपट होते आणि मोरपिशी टिकून राहतो. हे पाहणे कोणाला अतिरेक वाटेल, पण भारनियमन असलेल्या गावात तो रोजचाच उजेड आहे.

पाचवी पायरी: भिंत ठरवणे

खिडकी असलेल्या भिंतीला गडद रंग देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरचा लख्ख उजेड आणि त्याभोवती गडद भिंत, असा तीव्र फरक डोळ्यांना खुपतो आणि खिडकीकडे पाहणे नकोसे होते. त्या भिंतीला मोतियाच बरा. खिडकीसमोरची भिंत खोलीतला सर्वांत जास्त उजेड झेलते आणि आत परतवते. तिला गडद केले की खोलीचा उजेडच कमी होतो. आपल्या खोलीत ती पूर्वेची, म्हणजे दाराची भिंत आहे. उरल्या उत्तर आणि दक्षिण. या बाजूच्या भिंतींवर खिडकीचा उजेड घासून जातो, त्यामुळे लांबी (पुट्टी) भरताना राहिलेले उंचसखलपण स्पष्ट दिसते, आणि रंग गडद व चकचकीत असेल तर ते अधिकच दिसते. तेव्हा बाजूच्या भिंतीला गडद रंग द्यायचा तर फिनिश मॅट, म्हणजे चकाकी नसलेले, घ्यावे आणि भिंत दोनदा घासून घ्यावी.

मॅटलाही एक उणीव आहे. आपल्याकडे बैठकीत लोक सतरंजीवर भिंतीला टेकून बसतात आणि डोक्याच्या तेलाचा डाग अडीच-तीन फुटांवर नेमका उमटतो. मोतियावर तो पिवळट दिसतो, गडद मॅटवर चकाकणारा काळपट ठिपका दिसतो, आणि पुसायला गेले की घासलेली जागा गुळगुळीत होऊन अधिकच उठून दिसते. जुन्या वाड्यांत आणि शाळांत खालच्या तीन-चार फुटांना गडद ऑइल पेंटचा पट्टा मारत, त्यामागचे शहाणपण हेच होते. ज्या भिंतीला माणसे टेकून बसतात ती गडद रंगासाठी निवडू नये. दिवाण दक्षिणेला असेल तर गडद रंग उत्तरेला द्यावा.

धुळीचाही विचार करावा लागतो. आपल्याकडची मातकट धूळ विटकरीवर मिसळून जाते, तर गडद मोरपिशीवर राखेसारखी बसलेली दिसते. घर रस्त्यालगत किंवा शेतात असेल तर हा मुद्दा एकटाच निर्णय देऊ शकतो. गडद रंगाने खोली तापते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. खोली तापते ती स्लॅबमुळे किंवा पत्र्यामुळे आणि पश्चिमेच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूमुळे, आतल्या रंगाने त्यात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. विटकरी खोलीत उष्णता वाटते ती भावना आहे, आणि मे महिन्यात भावनेलाही किंमत असते हे मी नाकारत नाही.

या खोलीसाठी माझा कौल विचाराल तर शहाबादी फरशी राहणार असेल तोवर उत्तरेच्या भिंतीला विटकरी द्यावा. करड्या-निळसर फरशीवर मोरपिशी उतरला की सगळी खोली एकाच थंड सुरात जाते, आणि विटकरी त्या करडेपणाला उठाव देतो. फक्त ट्यूब बदलावी लागेल. फरशीच्या जागी पिवळसर पांढऱ्या टाइल्स असत्या तर मी मोरपिशीच्या बाजूने असतो.

सहावी पायरी: दोन्ही रंग हवेच असतील तर

काही घरांत कोणीच माघार घेत नाही. तेव्हा दोन्ही वापरता येतात, मात्र समसमान नव्हे. पैठणी पाहावी: अंगभर एक रंग, काठ-पदराला विरुद्ध रंग, आणि काठ रुंद असला तरी अंगाच्या बरोबरीचा कधीच नसतो. खोलीतही एक गडद रंग भिंतीवर यावा आणि दुसरा दाराच्या चौकटीला, कोनाड्याच्या आत किंवा नुसत्या गाद्या-पडद्यांत यावा. सजावटकार साठ-तीस-दहा असे प्रमाण सांगतात: मुख्य रंग साठ टक्के, दुसरा तीस, तिसरा दहा. आपल्या खोलीत दार-खिडकी वजा जाता सुमारे ४०० चौरस फूट भिंत उरते आणि एक अखंड भिंत १२० चौरस फुटांची आहे, म्हणजे गडद रंगाचे तीस टक्के तिथेच पूर्ण होतात. दुसऱ्याला दहाच द्यावेत.

दोन्ही रंग एकमेकांना भिडणार असतील तर त्यांच्या उजळपणात फरक हवा. तांबडा आणि निळा-हिरवा हे सारख्याच गडदपणाचे असले की त्यांची सीमारेषा डोळ्यांपुढे थरथरल्यासारखी वाटते. हे तपासण्यासाठी मोबाइल उपयोगी पडतो: दोन्ही फळ्या शेजारी ठेवून फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करावा. दोन्ही एकसारखे करडे दिसले तर एकाची छटा दोन पायऱ्या फिकी घ्यावी. ही जोडी आपल्या भागाला नवी नाही हेही सांगायला हवे. अजिंठ्याच्या लेण्यांत गेरूचा तांबडा, हिरव्या मातीचा हिरवा आणि लाजवर्द या दगडाचा निळा एकाच भिंतीवर नांदतात, पण तिथेही ते सारख्या मापाने वाटलेले नाहीत.

सातवी पायरी: रंगाचा हिशेब

गुळगुळीत भिंतीवर आतल्या इमल्शनचे दोन हात द्यायला एका लिटरमध्ये साधारण १०० ते १४० चौरस फूट होतात. हिशेबाला १२० धरावेत. तीन फिक्या भिंती २८० चौरस फूट, म्हणजे अडीच लिटरच्या आत. गडद भिंत १२० चौरस फूट, म्हणजे एक लिटर. परंतु गडद रंगाचा दीड लिटर धरावा. फिक्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे द्रव्य भरपूर असते आणि तेच मागचा रंग झाकते. गडद छटा ज्या बेसमध्ये, म्हणजे छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, तयार होतात त्यात ते अगदी थोडे किंवा मुळीच नसते, म्हणून दोन हातांतही मागचे डोकावते आणि तिसरा हात लागतो. तांबड्या छटांना हा त्रास मोरपिशीपेक्षा जास्त होतो. प्रायमरमध्येच थोडा रंग मिसळून घेतला तर तिसरा हात कधी कधी वाचतो.

सगळा गडद रंग एकाच वेळी घ्यावा आणि दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मग वापरावेत. मशीनवर वेगवेगळ्या दिवशी केलेल्या रंगांत सूक्ष्म फरक पडतो आणि तो भिंतीच्या मध्येच उघड होतो.

आठवी पायरी: पेंटर, ओल आणि हंगाम

पेंटरला तोंडी विटकरी असे सांगू नये. कंपनी, प्रकार, शेडचा क्रमांक, किती हात आणि कोणती भिंत, हे कागदावर लिहून द्यावे. ‘मालक, रंग तोच आहे, फक्त कंपनी बदलली’ असे कोणी म्हणाले तर फळी समोर ठेवून नवा रंग तिच्यावरच एका कोपऱ्यात मारून वाळू द्यावा. एका कंपनीची छटा दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर जवळपास जुळते, तंतोतंत जुळतेच असे नाही. रंग पातळ करायला बोअरचे जड पाणी न वापरता स्वच्छ, गोड पाणी द्यावे आणि किती मिसळायचे ते डब्यावरून पाहावे.

मराठवाड्यात सगळ्यांना रंगकाम महालक्ष्म्यांच्या किंवा घटस्थापनेच्या आधी, नाहीतर दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत हवे असते. सप्टेंबरात पाऊस बऱ्याचदा जोराचा असतो आणि भिंती आतून ओल्या राहतात. ओल असलेल्या भिंतीवर क्षार फुटतो. मोतियावर तो खपून जातो, गडद रंगावर पांढरे चट्टे उमटतात आणि पोपडे सुटतात. दीड फुटाचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. मागे पाण्याचे थेंब जमले तर थांबावे. नवीन गिलावा किमान २८ दिवस वाळलेला हवा. एप्रिल-मेमध्ये ओलीचा प्रश्न नसतो, पण ४० अंशांच्या वर रंग इतक्या झपाट्याने वाळतो की रोलरचे जोड दिसतात, आणि गडद रंगावर तर ते पट्ट्यांसारखे दिसतात. तेव्हा काम सकाळी उरकावे आणि पंखा बंद ठेवावा. मला विचाराल तर दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काम काढावे. भिंती कोरड्या असतात आणि पेंटरलाही घाई नसते.

नववी पायरी: दोन रंगांची सीमारेषा

विरुद्ध रंगांत कोपऱ्याची रेषा वाकडी आली तर चांगली निवडही ओबडधोबड दिसते. आधी फिका रंग पूर्ण करावा आणि तो गडद भिंतीवर इंचभर आत येऊ द्यावा. तो पुरता वाळल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, मास्किंग टेप लावून तिची कड बोटाने घट्ट दाबावी. नंतर टेपच्या कडेवर पुन्हा फिक्याच रंगाचा पातळ हात फिरवावा. टेपखालच्या फटीत जो काही रंग शिरायचा तो फिकाच शिरतो आणि फट बुजते. त्यावर गडद रंगाचे हात द्यावेत. शेवटचा हात अर्धवट ओला असतानाच टेप भिंतीपासून तिरपी ओढत सावकाश काढावी, कारण रंग पूर्ण वाळू दिला तर त्याची कड टेपबरोबर सोलून निघते. जुन्या घरांत कोपरे क्वचितच सरळ असतात. अशा ठिकाणी कोपऱ्याचा नाद सोडून, त्याच्या पाव इंच आत गडद भिंतीवर ओळंब्याने उभी रेषा आखावी आणि टेप तिला लावावी.

उरलेला गडद रंग लहान, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा, वर शेडचा क्रमांक आणि तारीख लिहावी आणि डबा पत्र्याखाली न ठेवता घरातल्या थंड जागी ठेवावा. भिंतीवर ओरखडा पडला तर तो कामी येतो, मात्र मॅट रंगात लहान ठिपका दुरुस्त करताना ब्रशऐवजी फोमचा तुकडा वापरून रंग टिपून लावावा.